रेशेफपुढे घ्यायचं नाव

“लुटून आणलेला देव नांदत नसतो, राजा!”

“नांदेल. मुकुट घातलाय त्याला.”

“मुकुट गाढवालाही घालून बघ!”

एका राज्यात, काळ्या मातीच्या नदीकाठी, देवळाच्या दारात हे भांडण ऐन रंगात होतं. राजा सेनेफ, आणि म्हातारी यमीमा, वाळवंटापलीकडून धरून आणलेली दासी. भांडण रेशेफवरून. रेशेफ तिच्या मुलखाचा युद्धदेव: कपाळावर हरणाचं मुंडकं, हातात बाण. राजानं तो मुलूख जाळला, देव उचलला, आपल्या देवांच्या पंगतीत आणून बसवला. बसल्या जागेवरून रेशेफ बाण सोडू लागला. ज्याला लागे, त्याला ताप भरे. आता बाण राजाच्या लेकीला लागला होता. नेफ्रू पालखीत तळमळत होती.

राजानं तीन उपाय केले. मुकुट चढवला, ताप हलला नाही. सोन्याचं धनुष्य वाहिलं, ताप वाढला. मग देवानं ऐकावं म्हणून, आपल्या राज्याच्या रीतीनं, भिंतभर दगडी कान कोरले. तेव्हा भिंतीवरचा कुदळ्या पक्षी बोलला, “देवाला कान होतेच. त्यानं ऐकावं असं बोललंय कोण?”

“तुझा देव. तू विनव,” राजा म्हणाला.

“विनवलं नाही होय? तुझ्या भाल्यानं माझं पोर वेशीत पडलं, तेव्हा घसा फुटेस्तोवर विनवलं! आमची रीत ऐक. ज्याला मारलं, त्याचं नाव मारणाऱ्यानं रेशेफपुढे घ्यायचं. त्याशिवाय तो बाण मागं घेत नाही.”

“रणात नावं कोण विचारतो?”

“मग बस लेकीला वारा घालत!”

राजानं तलवार उपसली. म्हातारीनं मान पुढे केली. तेवढ्यात पालखीतून नेफ्रू कण्हली, “आजी, पाणी.”

पुढचं आधीच सांगून टाकते. राजानं गुडघे टेकले, नाव घेतलं. बाण वाळल्या गवतासारखे गळून पडले, पोर उठून बसली, आणि परका रेशेफ त्या राज्यात ताप उतरवणारा देव झाला. यमीमाचं पोर मात्र उठलं नाही. तेवढं कुठल्याच देवाला जमत नाही.

पण भांडण मिटलं ते त्याआधीच. यमीमानं नेफ्रूचं डोकं मांडीवर घेतलं, सुकल्या ओठांना पाणी लावलं आणि राजाकडे न बघता म्हणाली,

“यारिम त्याचं नाव; नीट घे, राजा, ते घेणारं माझ्यामागं कुणी उरलेलं नाही.”