शेवंतीचा राग

सोनसळी बांबूंच्या रानाकाठी एक इवलंसं गाव होतं. तिथे शेवंती आपल्या आईबरोबर राहायची. आई टोपल्या विणायची. कधी कधी दोघी नुसती पेज पिऊनच झोपायच्या. शेवंती मनाने लोण्यासारखी मऊ; पण तिचं लक्ष म्हणजे रंगीत फुलपाखरू! फळ्यावरून उडालं की खिडकीवर, खिडकीवरून मुंगीवर, मुंगीवरून थेट आभाळात. पायही सारखे थुईथुई नाचायचे.

एके दिवशी गुरुजींनी तिचे पाय चक्क सुतळीने बाकाला बांधले. "आता बघतो कशी हलतेस!" सगळा वर्ग खदखदून हसला.

शाळा सुटताच शेवंती रानात धावली. कान लाल, डोळे लाल, मुठी आवळलेल्या. दिसेल त्या दगडाला ती लाथ मारत होती. इतक्यात करवंदीच्या जाळीत निळंजांभळं काहीतरी चमचमलं. एक चिमुकली परी! तिचा चंदेरी पंख काट्यांत अडकला होता.

शेवंतीचा राग अजून उतरला नव्हता. तरी तिने एकेक काटा हळूच बाजूला केला. बोटं रक्ताळली, पण पंख फाटू दिला नाही.

"गुणाची गं पोर!" परी म्हणाली. "माग एक वर. पण नियम ऐक. वराने कुणाला इजा व्हायची नाही, आणि कुणाला आहे त्याहून कमी करायचं नाही."

"मग गुरुजींचे पाय बांध!"

"इजा होईल, बाळ."

शेवंतीने आपल्या पायांकडे बघितलं. "मग मलाच गप्प बसणारी बाहुली कर."

परीचे पंख निखाऱ्यासारखे लालभडक झाले. "बाहुली? कुणी शिकवलं तुला असं मागायला? तुझ्यात काहीही मोडलेलं नाही! हा वर मी देणार नाही म्हणजे नाही!"

शेवंती दचकली. आपल्यासाठी कुणी रागावतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"घरी मी बसते की," ती म्हणाली. "आई आधी अंगणात पळू देते. एका वेळी एकच काम सांगते. हातात विणायला बांबूची पट्टी असली की मी अख्खी गोष्ट ऐकते. परीताई, थोडा वेळ गुरुजींना माझ्यासारखं दिसू दे, ऐकू येऊ दे."

"दिला वर!"

सकाळी गुरुजी गणित सांगता सांगता थबकले. पत्र्यावरची खार, खडूची किरकिर, कुणाच्या पैंजणांची छुमछुम, कवडशातली सोनेरी धूळ, सगळं एकदम अंगावर आलं. ते बेरीज विसरले. पाय आपोआप हलू लागले, अगदी शेवंतीसारखे.

"शेवंती," ते घाबरून म्हणाले, "तुला रोज असं होतं?"

"रोज! आणि तुम्ही मला बांधलंत!" ती कडाडली.

गुरुजींची मान खाली गेली. "चुकलो मी, पोरी. काय करू, तूच सांग." तशी जादू उतरली.

शेवंतीने सगळं सांगितलं. तेव्हापासून धड्याआधी मुलं पटांगणात मनसोक्त पळू लागली. शेवंतीची जागा खिडकीपासून दूर, गुरुजींजवळ आली. ते तिला एका वेळी एकच गोष्ट सांगत, जमली की तिथल्या तिथे शाबासकी देत. तिची बोटं विणत राहिली आणि कान ऐकू लागले. मग एकदा तिने अख्खा धडा खणखणीत वाचला, तेव्हा तोच वर्ग टाळ्या वाजवत उभा राहिला!

बाहेर जास्वंदीवर परी वाट बघत होती. "गेला का गं राग?"

"थोडा उरलाय."

"उरू दे. दुसऱ्या लेकराला कुणी छळलं, तर उपयोगी पडेल," परी हसली, आणि गुलाबीसोनेरी उजेडात विरघळून गेली.