केरबानं नळ कसा वाचवला

कोळेगावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी त्याला "थांब हं, आलोच" म्हणालं आणि विसरून गेलं, की केरबा तिथंच उभा. जेवणवेळ टळायची, गुरं घरी परतायची, केरबा उभाच. शेवटी त्याची बायको हौसा यायची आणि "चला आता" म्हणायची. मग तो चालायचा.

हौसाच्या अंगणात नळ होता. नुकताच आलेला. त्याआधी ती ओढ्यावरून हंडे वाहायची, म्हणून त्या नळावर तिचा भारी जीव. रोज सकाळी तोटी चिंचेनं घासायची.

एक दिवस गल्लीत दवंडी आली. "घरपट्टी थकली असेल त्याचा नळ येत्या शनिवारी सकाळी तोडला जाईल होऽऽ!"

हौसाच्या हातातला तांब्याच खाली पडला.

"अहो, उठा! हे पैसे घ्या, पंचायतीत जा आणि घरपट्टी भरून या. माझा नळ गेला तर बघा!"

केरबा गेला. पंचायतीत ग्रामसेवक ढोबळे बसले होते. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं.

"मागची पावती आणलीस?"

"नाही बा."

"अरे, पैसे द्यायला यायचं तर आधी मागची पावती दाखवायची. ध्यानात ठेव."

केरबानं ध्यानात ठेवलं. पण घरी जाऊन पावती शोधेपर्यंत पंचायतीला कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी हौसाच्या मावसबहिणीकडं बारसं होतं. हौसानं केरबाच्या हातात नोट दिली. "बाळाच्या हातात द्या." केरबा पाळण्याजवळ गेला. खिशातून घरपट्टीची जुनी पावती काढली आणि बाळाच्या नाकासमोर धरली.

"हे काय हो, पाव्हणं?" बाळाच्या आजीनं विचारलं.

"मागची आहे. बघा, भरलेली आहे."

बाळ रडायला लागलं. बायका पदराआड हसायला लागल्या. हौसाला कुठं तोंड लपवू असं झालं.

"अहो, देताना काही दाखवायचं नसतं! पाकिटात घालायचं, वर एक रुपया जास्तीचा ठेवायचा, आणि समोरचं माणूस नको नको म्हणालं तरी गुपचूप हातात कोंबायचं."

"असं होय!" केरबा म्हणाला.

मग तो पंचायतीत गेला. आज गर्दी होती. केरबा टेबलावर वाकला आणि टेबलाखालून भाऊसाहेबांच्या हातात पाकीट कोंबलं.

"काय आहे हे?"

"राहू द्या."

"अरे, पण आहे काय?"

"नको म्हणू नका, भाऊसाहेब. वर जास्तीचा घातलाय."

भाऊसाहेब असे दचकून उठले की खुर्चीच आडवी झाली. "अरे, नोकरी घालवतोस का माझी? लोकांना ही लाच वाटेल, लाच! आधी ते पाकीट घेऊन बाहेर हो!" ते घाम पुसत त्याच्या मागोमाग दारापर्यंत आले. "हे बघ, पैसा उघड द्यायचा. मोठ्यानं नाव सांगायचं. आणि पावती हातात पडेपर्यंत जागचं हलायचं नाही. आज जा बाबा, सगळे बघतायत. उद्या ये."

संध्याकाळी देवळात आरती झाली. आरती घ्यायला रांग लागली आणि गुरवानं केरबापुढं ताट धरलं. केरबानं नाणं टाकलं आणि ओरडला, "केरबा गणू लोहार, राहणार कोळेगाव, रुपया एक!"

घंटा वाजवणारा घंटा वाजवायचा थांबला.

"बरं, पुढं सरक," गुरव म्हणाला.

"पावती?"

"आरतीची कसली पावती रे?"

"ती मिळेपर्यंत मी हलणार नाही." आणि केरबानं ताटाची कड धरून ठेवली. मागं रांग खोळंबली. कापूर विझला. प्रसादाचा शिरा गार झाला. लोक काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. हौसानं त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"अहो, देवापुढच्या पेटीत टाकायचं, डोळे मिटून हात जोडायचे आणि मुकाट घरी यायचं! पावती मागायची नाही!"

"आधी सांगायचंस की," केरबा म्हणाला.

शुक्रवार उजाडला. भरायचा शेवटचा दिवस. केरबा पंचायतीत पोचला तर भाऊसाहेब जेवायला गेलेले. पण ओट्यावरच्या भिंतीला एक पेटी टांगलेली होती, वर फट असलेली. केरबानं सगळे पैसे तिच्यात टाकले. डोळे मिटले, हात जोडले आणि मुकाट घरी आला.

"भरली?" हौसानं विचारलं.

"भरली."

"पावती?"

"मागायची नाही, तूच म्हणालीस."

हौसा तशीच उठली आणि त्याला घेऊन पंचायतीत धावली. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, ती तक्रारपेटी! तिची किल्ली तालुक्याच्या साहेबांकडं. ते येतील तेव्हा उघडेल. आणि उद्या सकाळी आमचा शिपाई झुंबर पान्हा घेऊन निघणार. मी तरी काय करू?"

हौसानं डोळे पुसले आणि उसने पैसे आणायला शेजारच्या गावी भावाकडं निघाली. केरबा मागं राहिला. हौसाला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊसाहेब, ही घरपट्टी मलाच का हो?"

"तुलाच नाही रे, सगळ्यांनाच. रस्त्यावरचे दिवे, गटारं त्यातनंच होतात. घर आहे म्हणून घरपट्टी आहे. ते समोरचं पडीक रान बघ. तिथं घर नाही. त्याला कोण घरपट्टी मागतंय?"

केरबानं पडीक रानाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला आणि तो पळतच घरी गेला.

शनिवारी सकाळी हौसा पदराला पैसे बांधून लगबगीनं गल्लीत शिरली. आणि थांबली. तिला वाटलं, आपण वाट चुकलो. कौलं एका बाजूला नीट रचलेली. वासे दुसऱ्या बाजूला. भिंतींच्या मातीचा ढीग. चुलीवर लख्ख ऊन पडलेलं. आणि मधोमध चकाकणारा नळ. त्याच्याशेजारी डोक्यापासून पायापर्यंत मातीनं माखलेला केरबा.

"हौसा, वाचला बघ नळ! झुंबर आला होता पान्हा घेऊन. म्हणाला, केरबाच्या घरचा नळ तोडायचाय. म्हटलं, तोड की, पण आधी घर दाखव. सगळी गल्ली पालथी घातली त्यानं. नाही सापडलं. गेला परत!"

हौसानं वर बघितलं, तर नुसतं आभाळ. ती म्हणाली, "अहो... आणि आता राहायचं कुठं?"

केरबाला या प्रश्नाचं फार नवल वाटलं.

"नळापाशी की! मधे भिंतसुद्धा नाही आता."