मागच्या गाडीतली जागा

एकदा एक वस्ताद आपल्या शिष्येला घेऊन जुन्या गाड्यांच्या बाजारात गेले, आणि जाताना सोबत एक बंद पडलेली गाडीही घेऊन गेले. गाडी विकत घ्यायला निघालेला माणूस सहसा रिकाम्या हाताने जातो. वस्तादांनी मात्र आपल्या अंगणातला जुना खटारा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधला आणि वाजतगाजत नसला तरी साऱ्या गावाच्या साक्षीने बाजारापर्यंत आणला. का, हे विचारण्याची सोय नव्हती. विचारलं की ते मिशीवरून हात फिरवत आणि दुसरंच काहीतरी काम सांगत.

शिष्येचं नाव अनुसया. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वस्तादांच्या गॅरेजात ती पाना धरायला शिकली आणि पुढे इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखू लागली. आता वस्तादांचे गुडघे कुरकुरत होते आणि गॅरेज बंद व्हायची वेळ आली होती. त्यानंतर अनुसयेने उभं राहायचं कुठे, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर एकच होतं. घाटात बंद पडणाऱ्या मोटारी टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीला जोडून ओढत, पायथ्याला आणण्याचं काम यंदा नव्या माणसाला मिळणार होतं. निवड घाटरस्त्याचे मुकादम करणार होते, आणि तीही प्रत्यक्ष परीक्षा घेऊन. उमेदवार दोघंच होते, अनुसया आणि नाक्यावरचा सर्जेराव. नाक्यावरच्या मंडळींनी सर्जेरावाचा सत्कारसुद्धा मनातल्या मनात उरकून टाकला होता.

बाजारात व्यापाऱ्याने एक काळीभोर एसयूव्ही दाखवली. अनुसयेने बॉनेट उघडलं, तेल पाहिलं, धूर पाहिला, खाली वाकून गंज शोधला आणि तिला तो सापडला नाही. इंजिन असं दमदार होतं की तिचा जीव गाडीवर जडला. वस्तादांनी त्या गाडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी लोखंडी दांड्याने आपला खटारा तिच्या मागे जोडायला लावला आणि खटाऱ्याचं दार उघडलं.

"बस."

"वस्ताद, घ्यायची गाडी पुढं आहे."

"म्हणून तर म्हणतोय, मागं बस."

व्यापारी पोट धरून हसला. "गिऱ्हाईक मागं आणि माल पुढं, असा सौदा मी आजवर पाहिला न्हाई," तो म्हणाला आणि स्वतः चालवायला बसला. बाजारामागच्या टेकाडावर एक फेरी मारून यायचं ठरलं.

ती फेरी अनुसया पुढे कित्येक दिवस विसरली नाही. सुटताना असा हिसका बसला की दातावर दात आपटले. बंद गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड, बॅटरी उतरलेली, त्यामुळे हॉर्न मुका. उतारावर तिने ब्रेक दाबला, हाका मारल्या, हात बाहेर काढून हलवला. पुढची गाडी आपल्याच तोऱ्यात धावत होती. व्यापारी मात्र उतरला तो फुलून.

"ताई, काय ओढ आहे बघा. मागं काही बांधलंय हे जाणवतच न्हाई."

"ही नको," वस्ताद म्हणाले.

मग ते कोपऱ्यातल्या एका पिकअपपाशी जाऊन उभे राहिले. रंग उडालेला, एक दार निळं, बाकीची गाडी कधीकाळी पांढरी असावी. विजेचे खांब वाहण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. व्यापारी मनाचा चांगला, त्याने आपणहून तिचं वैगुण्य सांगून टाकलं. "वस्ताद, हिचं इंजिन, ब्रेक, सांगाडा, सगळं भक्कम आहे. पण मागचं ओझं हिला लगेच जाणवतं. सुटताना कण्हते, आणि उतारावर चालवणाऱ्याला सारखं सांभाळून घ्यायला लावते."

अनुसया पुन्हा खटाऱ्यात बसली. या वेळी फेरीत सांगण्यासारखं काही घडलं नाही. ती आपली बसली आणि परत आली.

"हीच," वस्ताद म्हणाले.

अनुसयेचा संताप झाला. गुरूपुढे बोलता येत नाही म्हणून तो तिने खटाऱ्याचं दार आपटण्यावर काढला. दुसऱ्या दिवशी ती काळी गाडी सर्जेरावाच्या दारात हार घालून उभी दिसली, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. "वस्ताद, परीक्षेआधीच हरवलंत तुम्ही मला," ती म्हणाली. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला आणि तिला पिकअपचे ब्रेक पुन्हा एकदा बघायला सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी निम्मा गाव घाटाखाली जमला. बंद गाडी म्हणून वस्तादांचा खटाराच घेतला होता. तो माथ्यावर न्यायचा आणि खाली आणायचा. मागच्या गाडीचं स्टिअरिंग कोणीतरी धरायला हवं, म्हणून मुकादम स्वतः त्यात बसले.

सर्जेरावाने खटारा असा वर नेला की लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खाली आणला त्याहून लवकर. तो छाती काढून उतरला. "मुकादम, मागं गाडी आहे हे मला समजलंसुद्धा नाही," त्याने सांगितलं. मुकादमांच्या तोंडून शब्द फुटेना, कारण ओरडून ओरडून घसा बसला होता. खटाऱ्याच्या चाकांतून जळकट वास येत होता. भीतीने सारा उतार ब्रेक दाबून धरण्यात मुकादमांच्या चपलेचा अंगठाही तुटला होता. चाकं निवल्यावरही ते पुन्हा बसायला तयार होईनात. वस्तादांनी त्यांना चहा पाजला आणि हाताला धरून बसवलं.

अनुसया निघाली. पिकअप कण्हली, आणि कोणीतरी मागून हसलं. चढ तिने सावकाश पार केला, तेव्हा लोकांना जांभया आल्या. माथ्यावर वळून ती उतरू लागली. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर जेमतेम पाय ठेवून, ती मागचं वजन पाठीने ऐकत होती. प्रत्येक वळणाच्या आधी मुकादम खटाऱ्याचा ब्रेक जरासा दाबत, आणि मागून एक हलका ताण तिला जाणवे. एका वळणावर तो आला आणि पुढच्या वळणावरही आला. मधल्या अवघड वळणावर मात्र तो आलाच नाही. सगळं वजन एकदम पिकअपच्या अंगावर रेललं.

अनुसयेच्या काळजाचा ठोका चुकला, पण पाय चुकला नाही. तिने सगळा भार पिकअपवर घेतला, वेग हळूहळू कमी केला आणि डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली. चाकांना दगड लावून ती मागे धावली. मुकादम पांढरे पडले होते. अंगठा तुटलेली चप्पल पायातून निसटून ब्रेकच्या पट्टीखाली अडकली होती, आणि ब्रेक दाबला जात नव्हता.

"मी हाक मारली न्हाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "घसाच न्हाई मारायला. हॉर्न बंद. तुला कळलं कसं?"

"तुमचा पाय मला पुढं लागत होता, काका. तो एकदम लागेना, म्हणून थांबले."

मुकादमांनी चप्पल हातात घेतली आणि अनवाणी पायाने ब्रेक सांभाळत उरलेला घाट उतरले. खाली पोहोचताच त्यांनी घाटाचं काम अनुसयेला दिल्याचं जाहीर केलं. आवाज फुटत नव्हता, म्हणून ते त्यांच्या वतीने वस्तादांना मोठ्याने सांगावं लागलं, आणि वस्तादांनी ते पार पलीकडच्या नाक्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. सर्जेरावसुद्धा पुढे आला आणि त्याने निळ्या दारावर थाप मारली. अनुसया रडत होती आणि हसतही होती, आणि तिला त्यातलं काही लपवावंसं वाटलं नाही.

गर्दी पांगल्यावर वस्ताद म्हणाले, "पोरी, जोर दोन्ही गाड्यांत होता. व्यापाऱ्यानं एकीचा गुण सांगितला आणि दुसरीचा दोष. मी फक्त त्यांची अदलाबदल केली. मागं कोणी आहे हे ज्याला जाणवतच नाही, तो दुसऱ्याला ओढून नेईल, पोहोचवणार नाही. ही गोष्ट पुढच्या जागेवरून कधी दिसत नाही, म्हणून तुला मागं बसवलं."

खटारा घरी न्यायचा होता. अनुसयेने पिकअपचं निळं दार वस्तादांसाठी अदबीने उघडलं. वस्ताद तिथे बसले नाहीत. ते गुडघे सांभाळत मागे गेले, खटाऱ्यात बसले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "चला, बाईसाहेब."

अनुसयेने गाडी सुरू केली. पिकअप कण्हली. सुटताना हिसका बसला नाही. नाक्यापाशी तिने आरशात पाहिलं, तर वस्ताद मिशीवरून एक हात फिरवत होते. या वेळी त्यांनी कोणतंही काम सांगितलं नाही.