बांधावर राहिलेले पाय

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक भक्त राहायचा. साधासुधा नाही, अट्टल. देवळात पहिल्या बाकावर बसणार, गाणं सगळ्यांच्या आधी उचलणार आणि आमेन सगळ्यांच्या नंतर सोडणार.

त्या गावात पवित्र गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुवायचे. येशूने शिष्यांचे धुतले होते ना, तसे. त्या बारांत आपला भक्त दरवर्षी ठरलेला. त्या दिवशी तो दुपारपासून टाचा दगडाने घासायचा, नखं काढायचा, वर खोबरेल चोपडायचा.

"अहो," बायको म्हणाली, "मग फादर धुणार काय? तेल?"

"तुला नाही कळायचं. चारचौघांत पाय बरे दिसायला नकोत?"

सूर्य बुडता बुडता तो नव्या चपला घालून बांधावरून निघाला. वारा पडला होता. खाडी इतकी गप्प, की चिखलातले खेकड्यांचे बुडबुडे फुटलेले ऐकू यावेत. तेवढ्यात पायाखालून आवाज आला, "बाबा, जरा हात दे रे."

बांधाला लागूनच, शिंपल्या वेचणारी म्हातारी कमरेपर्यंत चिखलात रुतली होती. टोपली बाजूला कलंडलेली.

"हलले की आणखी आत जातेय," ती म्हणाली. "आणि भरती लागलीये बघ."

भक्ताने वाकून पाहिलं. तिला ओढायचं तर खाली चिखलात उतरावं लागणार. तो विचार करतोय तोवर तिने हात लांबवून त्याचा घोटा धरला. तो टुणकन मागे उडाला.

"मावशी, पायाला नको गं. आज पाय धुवायचेत माझे."

"धुवायचेच आहेत, तर मळू दे की."

"तसं नसतं ते. मी देवळातून दोन माणसं पाठवतो. तोवर तू नमो मरियाची प्रार्थना म्हण."

"म्हणतेच आहे रे. सुरुवात केली तेव्हा पाणी त्या लांबच्या खुंटापाशी होतं."

भक्ताने खुंटाकडे पाहिलंच नाही. घोट्यावरचा चिखल रुमालाने पुसला आणि सुटला.

देवळात पोचतो तर गाणं सुरू झालेलं. अकरा जण बसलेले, बारावी खुर्ची त्याची वाट बघतेय. आता मध्येच कुठे बोलायचं? एवढं आटपू दे, मग सांगू, असं म्हणत तो बसला.

कमरेला टॉवेल बांधलेले फादर गुडघे टेकत टेकत त्याच्यापर्यंत आले. त्यांनी पाणी ओतलं. भक्ताला काहीच लागलं नाही. ना गार, ना कोमट. पाय समोर दिसत होते, वरून पाणी वाहत होतं, पण पाय जणू इथे नव्हतेच.

मग लागलं. दोन्ही घोट्यांना बोटं. गार, बुळबुळीत, घट्ट.

त्याने खाली पाहिलं. फादरचे दोन्ही हात तांब्यावर होते.

त्याने पाय ओढून बघितले. बोटांनी आणखी आवळलं. कुणीतरी आख्ख्या अंगाच्या वजनाने त्याच्या पायांना लोंबकळत होतं. मग एक बोट निसटलं. मग दुसरं. एरवी माणूस म्हणेल, सुटलो बुवा. पण भक्ताला दरदरून घाम फुटला, कारण बोटं कुणाची ते त्याला कळलं होतं.

"फादर," तो कुजबुजला, "बांधाखाली शिंपलीवाली रुतलीये. येताना बघितली मी."

फादरनी मान वर केली. "बघितलीस, आणि येऊन बसलास?"

भक्त उठला आणि अनवाणीच पळत सुटला. मागून टॉवेलासकट फादर, त्यांच्यामागे ओल्या पायांचे अकरा जण. एकाने देवळातला कंदील उचलला.

पाणी म्हातारीच्या हनुवटीला लागलं होतं. तिचे दोन्ही हात बांधाच्या कडेवर होते आणि बोटं कशाभोवती तरी आवळलेली होती. पण तिथे धरण्यासारखं काहीच नव्हतं. नुसती हवा.

भक्ताने पाण्यात उडी टाकली. खाली बुडी मारून, हातांनी चिखल उपसून त्याने तिचे पाय मोकळे केले. वरच्यांनी फादरचा टॉवेल तिच्या काखेखालून घातला आणि तिला ओढून काढलं.

म्हातारी बराच वेळ धापा टाकत पडून राहिली. मग भक्ताकडे बघून म्हणाली, "तू गेलास रे, पण तुझे पाय इथेच उभे होते. घोट्यापासून खाली नुसते पाय. वर कुणी नाही. भ्याले मी. पण धरले. दुसरं होतं काय धरायला?"

कंदील खाली आला. भक्ताच्या दोन्ही घोट्यांवर बोटांचे काळेनिळे वळ उठले होते.

परतताना भक्त म्हातारीला पाठुंगळी घेऊन चालत होता, आणि ती त्याच्या कानाशी म्हणत होती, "सावकाश रे बाबा, आता घाई नाही."

त्या बांधावर दोन पावलांचे ठसे आहेत. भरती येते, ओहोटी लागते, ठसे बुजत नाहीत. तिथून जाताना खालून हाक आली, तर त्या गावातली माणसं आधी चिखलात उतरतात. कोण आहे ते मागून विचारतात.

तर तात्पर्य काय: आमेन म्हटलं की तोंडाचं काम संपतं, पायांचं तिथून सुरू होतं.