तुमच्या मागे कोण?

गावातलं तळं बुजवून तिथे बाजारसंकुल बांधायचं, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं. विरोध केला तो एकट्या सरोजिनीबाई ठोसरांनी. त्या कुठल्याच पक्षाच्या नव्हत्या, म्हणून दोन्ही पक्षांनी त्यांना वाळीत टाकलं. हळदीकुंकवाची आमंत्रणं थांबली. शेजारचे आबा मुळेसुद्धा बाई दिसल्या की ओसरीवरून उठून आत जायचे. दिवसदिवस बाईंना बोलायला माणूस मिळत नसे.

मग गावात मंत्री आले, सभा भरली. बाई बोलायला उभ्या राहिल्या, तसे आसपासचे लोक उठून लांब जाऊन बसले. मंत्री हसत म्हणाले, "बाई, तुमच्या मागे आहे तरी कोण?"

सभा खदखदून हसली.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बोलण्याआधी मला मागे वळून बघावं लागत नाही. साहेब, तुम्हीही मागे न बघता सांगा, तळं बुजवावं असं तुम्हाला स्वतःला वाटतं का?"

मंत्र्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची मान आपसूक मागे बसलेल्या पक्षाध्यक्षांकडे वळली! असा हशा पिकला की त्यांना पुढे बोलताच येईना. तळं बुजवायचा बेत बारगळला.

टाळ्या पुष्कळ पडल्या, पण घरी बाई एकट्याच चालत गेल्या.

सकाळी आबा कुंपणाशी येऊन हळूच म्हणाले, "काल फार छान बोललात."

बाईंना भरून आलं. "या ना आबा, चहा टाकते."

आबांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि ते घाईघाईने आपल्या घरात निघून गेले.

बाईंनी एकटीपुरताच चहा टाकला.