थैलीवरचा आरोप

फार मागची गोष्ट. तेव्हा राज्यं लहान होती आणि जंगलं मोठी. अशाच एका राज्यात दोन बाजारगावांच्या मधे एक अवघड घाट होता. घाटाच्या माथ्यावर राजाची चौकी होती आणि त्या चौकीवर बयाजी नावाचा जमादार होता. माणूस सरळ, कामाला चोख.

घाटात दरोडेखोर फार माजले होते. वाटसरूंना लुटायचे आणि तोच पैसा साळसूदपणे घाट चढून शहरात नेऊन खपवायचे. बयाजी त्यांना पकडायचा. पण भीतीपोटी साक्ष द्यायला कुणी येत नसे आणि चोर सुटून जायचे. अखेर राजाने फर्मान काढलं. संशय येईल तो पैसा जमादाराने जप्त करावा. माणसावर गुन्हा शाबीत करायची गरज नाही, आरोप पैशावर. पैसा चोरीचा नाही हे ज्याचं त्याने राजधानीत येऊन सिद्ध करावं. जप्तीतला निम्मा पैसा चौकीच्या खर्चाला ठेवावा.

बयाजीला फर्मान पटलं. थोड्याच दिवसांत त्याने एका नामचीन दरोडेखोराची थैली धरली. खालच्या गावच्या लोकांनी चौकीवर येऊन त्याच्या हातात नारळ दिला. त्या दिवशी बयाजीला वाटलं, आपण जन्माला आल्याचं सार्थक झालं.

निम्म्या पैशातून चौकीचं गळकं छप्पर शाकारलं गेलं. मग शिपायांना नवे जोडे आले. मग घोडा आला, आणि घोडा आला म्हणजे त्याची दाणावैरणही आली. राजधानीतून चौकीला दरसाल खर्ची येत असे, ती आधी उशिरा येऊ लागली आणि मग बंदच झाली. "तुमचं तुम्ही भागवता, मग आमच्याकडे कशाला मागता?" असा निरोप आला.

दरोडेखोर काही मूर्ख नव्हते. त्यांनी घाट सोडला आणि खाली दरीतल्या रानात ठाण मांडलं. चोरांचा पैसा आता घाटातून येईना. चौकीचा खर्च मात्र होता तिथेच होता.

पूर्वी बयाजी येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. आता त्याची नजर कमरेला बांधलेल्या पैशाच्या थैलीकडे जाऊ लागली. कुणी धान्याचा व्यापारी, कुणी लेकीच्या लग्नाला निघालेला बाप. "एवढा पैसा तुझ्याकडे कुठून?" एवढं विचारलं की पुरे होई. गरीब माणूस आधीच गांगरतो. आणि गांगरला की संशय आलाच. बयाजीला हे कळत नव्हतं असं नाही. पण महिनाअखेर शिपाई पगारासाठी दारात उभे राहिले, की तो कळलेलं बाजूला ठेवी.

एके दिवशी दुपारी सगुणा कासारीण घाट चढून आली. दर वर्षी लग्नसराईच्या तोंडावर ती पलीकडच्या शहरात बांगड्यांचा माल भरायला जाई. बयाजीची चांगली ओळखीची. त्याच्या मुलीच्या हातात पहिल्या बांगड्या तिनेच घातल्या होत्या, आणि पोर रडली नाही म्हणून बयाजीने तिला लुगडं दिलं होतं.

"जमादारदादा, जरा पाणी द्या," असं म्हणून ती ओट्यावर टेकली. पाणी पिताना तिच्या पदराआडची थैली हैबती शिपायाला दिसली. हैबती बयाजीच्या कानाशी लागला, "थैली चांगली फुगलेली आहे. पगार थकलाय, जमादार."

बयाजी ओट्यापाशी गेला. मग म्हणाला, "आक्का, औंदा थैली मोठी दिसते."

"धाकट्या दिराचाही पैसा आहे यात. तोही आता हाच धंदा करणार आहे."

"त्याला पुरावा?"

सगुणाला आधी वाटलं, दादा थट्टा करतात. त्याचा चेहरा बघून तिने हातातला तांब्या खाली ठेवला. "तुम्ही मला ओळखत नाही का?"

"तुमच्यावर आरोप नाही, आक्का. आरोप पैशावर आहे."

"पैशाला कुठं तोंड आहे, दादा? तो काय सांगणार? मला तोंड आहे, मला विचारा."

बयाजीने विचारलं नाही. त्याने थैली उचलली आणि राजधानीची वाट सांगितली.

सगुणा राजधानीत गेली. तिथे कारकुनाने दोन जामीन मागितले, वकिलाने आगाऊ पैसे मागितले. धर्मशाळेत राहून राहून जवळचं होतं नव्हतं ते सरलं. थैलीपेक्षा थैली सोडवणं महाग, हे कळल्यावर ती रिकाम्या हाताने गावी परतली. तिने कुठे आरडाओरडा केला नाही. शेजारणीला एवढंच म्हणाली, "त्या घाटानं आता जायचं नाही."

हे शब्द गावोगाव पसरले. माणसं घाट टाळू लागली आणि दरीतल्या पायवाटेने जाऊ लागली. दरीत दरोडेखोर होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण लोक म्हणत, दरोडेखोर एखाद्या दिवशी भेटतील, चौकी रोजची आहे.

पुढच्या लग्नसराईत एका गुराख्याने चौकीवर बातमी आणली, की दरोडेखोरांची टोळी नाल्यापाशी दबा धरून बसली आहे. बयाजी शिपाई घेऊन उताराने धावत सुटला. अर्ध्या वाटेवर त्याला खाली पायवाटेने जाणारी एक बाई दिसली. पाठीवर गाठोडं, चाल ओळखीची.

"आक्का, थांबा. पुढे जाऊ नका," त्याने हाक मारली.

बाईने वळून पाहिलं. तिला बयाजी दिसला, त्याचे शिपाई दिसले. तिने थैली छातीशी धरली आणि ती पळत सुटली. तो जेवढा ओरडे, तेवढी ती जोरात पळे. पळता पळता ती थेट नाल्यात उतरली.

बयाजी पोचला तेव्हा टोळी पसार झाली होती. सगुणा दगडांवर पडली होती. थैली सोडत नाही म्हणून त्यांनी तिचा उजवा हात मनगटाशी ठेचला होता.

त्याने तिला पाठुंगळी घेऊन वर आणलं. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "तुमची हाक ऐकली होती, दादा. मला वाटलं, पुन्हा थैलीच मागताय."

बयाजीने वैद्याला बोलावलं. वैद्याने हात वाचवला, पण बोटांत जोर उरला नाही. लेकीबाळींच्या मनगटांवर अलगद बांगड्या चढवणारा तो हात पुन्हा बांगडी चढवू शकला नाही.

बयाजी राजापुढे जाऊन उभा राहिला आणि काही न लपवता सगळं बोलला. राजा माणूस वाईट नव्हता. फर्मान काढल्यावर ते पुढे काय करतं हे बघायचं त्याने सोडून दिलं होतं, एवढंच. त्याने फर्मान मागे घेतलं. बयाजीने घोडा आणि स्वतःच्या घरची भांडी विकून सगुणाचा जप्त केलेला पैसा तिच्या घरी नेऊन दिला. तिने तो डाव्या हाताने घेतला. रागाने बोलली नाही, पण बसा असंही म्हणाली नाही.

घाटात दवंडी पिटली गेली, की आता कुणाची थैली धरली जाणार नाही. तरी लोक आले नाहीत. रस्त्यावर गवत वाढलं. बयाजी रोज कड्याच्या टोकाशी उभा राही आणि दरीतून जाणाऱ्यांना हाका मारी, "वरून या, बाबांनो, खाली धोका आहे." माणसं मान वर करून बघत, गाठोडी सावरत आणि झपाझप चालू लागत. असं करता करताच तो म्हातारा झाला.

तात्पर्य : राखणारा हातच खिसे चाचपू लागला, की संकटातली त्याची खरी हाकही कुणी ऐकत नाही.