उतारावरची तिसरी धाव

फार जुनी नाही, पण फारशी कुणाला ठाऊकही नाही, अशी ही गोष्ट. एका माळावर सिनेमावाल्यांची छावणी पडली होती. शंभरेक माणसं, बारा घोडे, आणि विश्राम नावाचा एक उतारवयाचा माणूस.

विश्रामचं काम एकच, जनावरांना इजा होऊ द्यायची नाही. घोडे धावणार ती वाट तो आधी स्वतः चालून बघे. खळगा दिसला की माती टाकून बुजवी. ऊन तापलं की जनावरांना सावलीत न्यायला लावी. एखादा घोडा दमलेला दिसला की हात वर करी, आणि मग सगळ्यांनाच खोळंबून बसावं लागे.

म्हणून तो कुणालाच आवडत नसे. तो जेवायला आला की चाललेलं बोलणं थांबे. पहिले दोन दिवस तो ताट घेऊन कुणाशेजारी बसावं ते बघत राहिला. तिसऱ्या दिवसापासून तंबूमागच्या बाभळीखाली एकटाच जेवू लागला. घरीही त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी मोठा प्रसंग घ्यायचा होता. हरणी नावाची घोडी नायिकेला घेऊन टेकडीच्या उतारावरून नदीपर्यंत धावत येणार, आणि मागे मावळता सूर्य. नायिका दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. पहिल्या वेळी धूळ फार उडाली. दुसऱ्या वेळी कॅमेरा हलला.

"पुन्हा एकदा! लवकर, सूर्य बुडतोय!" दिग्दर्शक ओरडला.

विश्रामनं खाली बसून हरणीच्या पुढच्या पायावर तळवा ठेवला. घोडी लंगडत नव्हती, पण पाय तापला होता.

"आता नको, साहेब. हिला आणखी पळवू नका."

"अहो, एकच धाव! एवढी माणसं ताटकळलीत."

तेवढ्यात हरणीचा मालक हसन पुढे आला. "काका, असं करू नका. घोडी माझी आहे. मी सांगतो ना, धावेल ती. हसनची घोडी अडली असं झालं, तर पुन्हा मला कोण बोलावणार?"

हे मात्र विश्रामला लागलं. निदान हसन तरी आपल्या बाजूनं बोलेल, असं त्याला वाटलं होतं.

"धावेल रे," तो हळूच म्हणाला. "तू हाक मारलीस की पाय दुखत असला तरी धावेल. म्हणून तर भीती वाटते."

त्यानं उठून हरणीचा लगाम धरला, तो सोडला नाही. सूर्य टेकडीआड गेला. सामान आवरत दिग्दर्शक एवढंच म्हणाला, "सकाळच्या एसटीनं निघा. पुन्हा माझ्या कामावर येऊ नका."

सकाळी हसन बघतो तो काय, हरणीचा पाय खांबासारखा सुजलेला. गुरांचे डॉक्टर आले. पाय दाबून बघत म्हणाले, "आतला स्नायुबंध थोडा फाटलाय. विश्रांतीनं भरून येईल. पण काल आणखी एकदा उतारावरून धावली असती, तर पुन्हा उभी राहिली नसती. आणि पाठीवरचं माणूस?"

हसन धावतच एसटी थांब्यावर गेला. विश्राम बाकावर पिशवी घेऊन बसला होता.

"काका, चुकलो मी," हसन म्हणाला आणि डॉक्टरांचं बोलणं त्यानं सांगितलं.

"पाय टेकवते का?" विश्रामनं विचारलं.

"टेकवते."

"मग बरी होईल. गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. डॉक्टर सांगतील तोवर पाठीवर कुणाला बसवू नकोस."

"मी साहेबांना सांगतो. ते तुम्हाला परत बोलावतील."

"सांग जरूर, पण माझ्यासाठी नको. अजून अकरा घोडे आहेत तिथं."

एसटी आली. विश्राम खिडकीपाशी बसला. शेजारची जागा रिकामीच होती.

हसननं सगळ्यांदेखत दिग्दर्शकाला खरं काय ते सांगितलं. दिग्दर्शक स्वतः तबेल्यात जाऊन सुजलेला पाय बघून आला. मग त्यानं घाईघाईनं थांब्यावर गाडी पाठवली.

गाडी रिकामीच परत आली. एसटी केव्हाच घाट उतरून गेली होती, आणि विश्रामचा पत्ता कुणी कधी विचारलाच नव्हता. हरणी तीन-चार महिन्यांत पुन्हा माळावर चरू लागली. पण आपल्याला कुणी परत न्यायला आलं होतं, हे विश्रामला कधीच कळलं नाही.

तात्पर्य एवढंच: मुक्या जिवासाठी 'नको' म्हणणारा बहुधा एकटा पडतो. त्याचं बरोबर होतं हे आपल्याला उशिरा कळतं. म्हणून तो जवळ असतानाच त्याच्या शेजारी उभं राहावं.